राणी, बाई आणि राज्यकर्ती



चरित्रग्रंथ वाचताना आपले लक्ष बहुधा घटनांकडे असते. जन्म, विवाह, लढाया, मृत्यू असा क्रम आपण टिपणवहीत उतरवून घेतो आणि परीक्षेपुरते काम भागते. त्या घटना कोणत्या शब्दांत सांगितल्या गेल्या, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. भाषेच्या विद्यार्थ्याने मात्र तो विचारलाच पाहिजे, असे माझे मत आहे. विशेषतः चरित्र जेव्हा राज्य केलेल्या एखाद्या स्त्रीचे असते, तेव्हा घटनांपेक्षा शब्दच अधिक बोलतात. हे मत मांडण्यासाठी मी आरंभ आपल्या परिसरातील एका गावाच्या नावापासून करते.

कोल्हापूरहून दाजीपूरच्या जंगलाकडे जाताना राधानगरी लागते. नाव इतके अंगवळणी पडले आहे की, ते एका व्यक्तीचे नाव आहे याचा आपल्याला विसर पडतो. राजर्षी शाहू महाराजांनी ही पेठ वसविली आणि आपली कन्या राधाबाई ऊर्फ अक्कासाहेब यांचे नाव तिला दिले. गावाजवळ भोगावती नदीवर त्यांनी जे धरण बांधावयास घेतले, त्याच्या जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. धरणाचे काम महाराजांच्या हयातीत पुरे झाले नाही. ते स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. तलाव मात्र पहिल्यापासून 'लक्ष्मी तलाव'च राहिला. मुलीच्या नावाचे गाव आणि पत्नीच्या नावाचे तळे! विसाव्या शतकाच्या आरंभी एखाद्या संस्थानिकाने हे करावे, ही गोष्ट लहान नाही. अक्कासाहेब पुढे देवासच्या राजघराण्यात गेल्या आणि १९४७ मध्ये त्यांचेच पुत्र शहाजी छत्रपती या नावाने कोल्हापूरच्या गादीवर आले. म्हणजे ज्या कन्येच्या नावाने गाव वसले, तिच्याच वंशाकडे गादी आली.

तरीही एक गोष्ट ध्यानात घ्या. या दोन्ही नावांमागे नाते आहे. एक कोणाची तरी कन्या आहे, दुसरी कोणाची तरी पत्नी आहे. त्या नात्यातील जिव्हाळा खराच होता. पण नाते हीच स्त्रीचे नाव जमिनीवर कोरले जाण्याची रूढ वाट होती, हेही तितकेच खरे. आता प्रश्न असा की, ज्या गादीवर शाहू महाराज बसले ती गादी मुळात निर्माण कोणी केली? त्याचे उत्तर आपणां सर्वांना पाठ आहे : महाराणी ताराबाईंनी. त्या कोणाच्या कन्या आणि कोणाच्या पत्नी होत्या, हेही आपल्याला ठाऊक आहे. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची मुलगी, छत्रपती राजारामांची राणी. परंतु त्यांनी केले काय, असे विचारले की आपली वाक्ये एकाएकी आखूड होतात आणि विशेषणांची संख्या वाढते.

हे मी अनुभवाने लिहिते. राधानगरीतील एका संपर्कसत्रात मी विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले होते. ताराबाईंविषयी मनात येणारे एकच विशेषण प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावे. चिठ्ठ्या उघडल्या. रणरागिणी, शूर, धाडसी हे शब्द वारंवार आले होते. त्यांच्या पाठोपाठ हट्टी, महत्त्वाकांक्षी, कारस्थानी. मग त्यांचे प्रतिस्पर्धी, साताऱ्याचे शाहू छत्रपती, यांच्याविषयी तसेच काम दिले. उदार, शांत, सहनशील, भाग्यवान. गादीवर हक्क सांगण्यासाठी थेट माळव्यापासून साताऱ्यापर्यंत चालून आलेल्या पुरुषाला 'महत्त्वाकांक्षी' म्हणावे, असे एकालाही वाटले नव्हते. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या, हेही नोंदवून ठेवते.

आता आपण विशेषणे बाजूला ठेवू आणि नुसती क्रियापदे पाहू. १७०० च्या मार्च महिन्यात सिंहगडावर राजारामांचे निधन झाले, तेव्हा ताराबाई साधारण पंचवीस वर्षांच्या होत्या. मुलगा शिवाजी चार वर्षांचाही नव्हता. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू १६८९ पासून मोगलांच्या कैदेत होते. १६८१ पासून दक्षिणेत ठाण मांडून बसलेला औरंगजेब, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावरही, जातीने एकेका किल्ल्याला वेढा घालीत फिरत होता. अशा वेळी ताराबाईंनी मुलाला गादीवर बसविले आणि राज्याची सूत्रे स्वतःकडे घेतली. रामचंद्रपंत अमात्यांसारखे अनुभवी कारभारी आणि धनाजी जाधवांसारखे सेनानी यांना त्यांनी कामाला लावले. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले औरंगजेबाने एकामागून एक घेतले; त्यांतील कित्येक त्याची पाठ वळताच मराठ्यांनी परत मिळविले. बादशहा सह्याद्रीत गुंतला असताना मराठी फौजा माळव्यात आणि गुजरातेत शिरल्या. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेबाने प्राण सोडला, तेव्हा ज्या राज्याचा नाश करण्यासाठी तो आला होता ते राज्य शिल्लक होते.

बसविले, घेतली, लावले, मिळविले. ही राज्यकर्त्याची क्रियापदे आहेत. गंमत अशी की, त्यांची साक्ष शत्रूपक्षाच्या लेखकाने दिली आहे. मोगल इतिहासकार खाफी खान याला मराठ्यांविषयी प्रेम असण्याचे कारण नव्हते. तरीही मुलकी आणि लष्करी व्यवहारातील ताराबाईंची जाण त्यांच्या पतीच्या हयातीतच प्रसिद्ध होती, असे तो नोंदवितो. मोगल मुलखात मराठ्यांनी आपले सुभेदार आणि कमाविसदार कसे नेमले, तेही सांगतो. पुढे जदुनाथ सरकारांनी त्या काळातील मराठ्यांच्या टिकून राहण्याचे श्रेय कोणा मंत्र्याला न देता ताराबाईंच्याच कर्तृत्वाला दिले. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. अप्पासाहेब पवार यांनी संपादित केलेले 'ताराबाईकालीन कागदपत्रे' हे खंड आपल्या अभ्यासकेंद्राच्या ग्रंथालयात नसले, तरी कोल्हापुरात आपल्याला पाहता येतील. जुन्या कागदाची भाषा पहिल्यांदा जड वाटते. पण दोन पाने संयमाने वाचली की लक्षात येते, राज्यकारभाराच्या पत्रात विशेषणाला फारसे काम नसते. तिथे आज्ञा असते, नेमणूक असते, जाब विचारणे असते.

मग विशेषणे येतात कोठून? ती मागाहून येतात आणि बहुधा जिंकलेल्या पक्षाकडून येतात. शाहू सुटून आले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव त्यांना मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. पुढील शतकाचा इतिहास सातारा आणि पुणे यांच्याभोवती फिरला, म्हणून तो लिहिला गेला तोही तेथूनच. त्या दृष्टिकोनातून पाहता शाहू हे कथेचे नायक आणि ताराबाई ही त्यांच्या वाटेतील अडचण. ताराबाईंचा युक्तिवाद मात्र कायद्याचा होता : शिवाजी महाराजांचे राज्य संभाजी महाराजांच्या पश्चात बुडाले होते, ते राजारामांनी नव्याने मिळविले, सबब ते राजारामांच्या मुलाचे. हा युक्तिवाद कोणाला पटो वा न पटो. तो युक्तिवाद होता. त्याला 'हट्ट' हा शब्द कसा आणि केव्हा चिकटला, याचा शोध भाषेच्या विद्यार्थ्याने घेण्यासारखा आहे. शाहूंच्या फौजेने पन्हाळा घेतला तेव्हा ताराबाई आपल्या शेजारच्या भुदरगड तालुक्यातील रांगणा किल्ल्याच्या आश्रयाला आल्या. रांगण्याला वेढा पडला, पण तो किल्ला शाहूंना घेता आला नाही. पुढे पन्हाळा परत मिळवून १७१० च्या सुमारास त्यांनी वेगळे राज्य उभे केले. त्यालाच आपण करवीरचे राज्य म्हणतो.

येथे मराठी भाषेच्या एका अडचणीचा विचार करू. आपल्याकडे राज्य करणाऱ्या स्त्रीसाठी स्वतंत्र शब्दच रूढ नाही. 'राणी' म्हणजे राजाची पत्नी. तिने राज्य केले तरी ती राणी आणि कधीच केले नाही तरी राणीच. पाटलाची बायको पाटलीण, मास्तरांची बायको मास्तरीण. आणि आपल्या ग्रामीण बोलीत 'कारभारीण' म्हणजे कारभार पाहणारी स्त्री नव्हे, तर घरधनीण! कारभारी मात्र राज्याचाही असतो आणि घराचाही. 'राज्यकर्ती' हा शब्द व्याकरणाने शुद्ध आहे, परंतु तो आपण किती वेळा उच्चारतो? 'बायकी कारभार' हा शब्दप्रयोग मात्र चटकन जिभेवर येतो आणि त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. नाथपंथी कथेतील स्त्रीराज्य आठवा. मच्छिंद्रनाथ तेथे अडकतात आणि गोरखनाथ त्यांना सोडवून आणतात. स्त्रियांचे राज्य म्हणजे पुरुषाला भुरळ पडण्याची जागा, जिथून त्याची सुटका करावी लागते, अशी ही कल्पना. त्या राज्यात शेतसारा कसा वसूल होत होता, न्याय कोण देत होते, हे विचारण्याचे कीर्तनातल्या श्रोत्यांना कधी सुचले नाही.

हा दोष एकट्या मराठीचा असता, तर तो आपल्या समाजाचा विशेष म्हणून सोडून देता आला असता. म्हणून आता थोडा वेळ आपण फार दूर, चीनमध्ये जाऊ. तेथे ताराबाईंच्या हजार वर्षे आधी एका स्त्रीने राज्य केले आणि तिच्याविषयी जे लिहिले गेले ते वाचताना वारंवार ओळखीचे काही तरी भेटते. (तिला 'ती' म्हणावे की 'त्या', हाही आपल्या भाषेचाच पेच. पुरुष राजांना आदरार्थी बहुवचन आणि स्त्रियांना एकवचन, असे एकाच पानावर आपण पाहिले असेल. या लेखापुरते मी दोघींनाही आदरार्थी बहुवचन वापरते.)

वू झेतियान यांचा जन्म इ. स. ६२४ मधला. चौदा वर्षांच्या आसपास असताना तांग सम्राट तायझोंग यांच्या अंतःपुरात त्यांचा प्रवेश झाला, तोही खालच्या दर्जाची उपपत्नी म्हणून. ६४९ मध्ये सम्राटाचे निधन झाल्यावर रिवाजाप्रमाणे त्या बौद्ध मठात गेल्या. नवा सम्राट गावझोंग यांनी त्यांना परत आणले आणि ६५५ मध्ये त्या पट्टराणी झाल्या. पुढे सम्राट आजारी राहू लागले, तसतसा कारभार वू यांच्याकडे आला. दरबारात त्या सिंहासनामागे पडद्याआड बसत. ६८३ मध्ये पतीच्या निधनानंतर त्यांनी आपल्या एका मुलाला गादीवर बसविले, दोन महिन्यांच्या आत उतरविले, दुसऱ्याला बसविले. आणि ६९० मध्ये पडदा दूर करून त्या स्वतः सिंहासनावर बसल्या.

त्या वेळी त्यांनी धारण केलेले पद पाहा. चिनी भाषेत सम्राटाच्या पत्नीला हुआंगहौ म्हणतात आणि सम्राटाला हुआंगदी. वू यांनी हुआंगदी हे पद घेतले. चीनच्या इतिहासात हे पद स्वतःच्या नावावर धारण करणारी दुसरी स्त्री नाही. मराठीत मात्र आपण त्यांना 'सम्राज्ञी' म्हणतो आणि एका शब्दात त्यांचे सारे कर्तृत्व पुन्हा पत्नीपदात बसवून टाकतो. शब्दांची ही ताकद वू स्वतः ओळखून होत्या. त्यांच्या अमदानीत काही नवी अक्षरचिन्हे प्रचारात आणली गेली. त्यांतील एक त्यांच्या स्वतःच्या नावासाठी होते : वर सूर्य आणि चंद्र, खाली आकाश. राज्यकर्त्यांनी नवी नाणी पाडणे आपण ऐकले आहे. नवी अक्षरे पाडणे हे विरळाच.

त्यांच्या राज्यात सनदी परीक्षांना महत्त्व आले आणि मोठ्या घराण्यांबाहेरची माणसे कारभारात शिरली. दी रेनज्ये यांच्यासारखा निःस्पृह मंत्री त्यांनी जवळ केला. वडील हयात असतानाही आईसाठी तीन वर्षे सुतक पाळले जावे, असा प्रस्ताव त्यांनी पट्टराणी असतानाच मांडला होता. ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की, ६८६ मध्ये त्यांनी तांब्याची पेटी बसविली, तिच्यात प्रजेच्या तक्रारींबरोबर गुप्त चुगल्याही पडू लागल्या. लाय जुनचेन याच्यासारख्या क्रूर अधिकाऱ्यांच्या हाती छळाची यंत्रणा गेली आणि तांग घराण्यातील अनेकांचा बळी पडला. हे झाकण्याचे कारण नाही. परंतु चिनी ग्रंथपरंपरेने त्यांच्या नावावर जी सर्वांत भयंकर गोष्ट जमा केली ती वेगळीच आहे. प्रतिस्पर्धी राणीवर आळ घेता यावा म्हणून त्यांनी आपल्या तान्ह्या मुलीचा गळा दाबला, ही कथा. ती रंगवून सांगणारे ग्रंथ घटनेनंतर सुमारे चारशे वर्षांनी, दुसऱ्या राजवटीतल्या विद्वानांनी लिहिले. चिनी भाषेत राज्य करणाऱ्या स्त्रीला पहाटे आरवणाऱ्या कोंबडीची उपमा देण्याची जुनी परंपरा आहे, आणि हे विद्वान त्याच परंपरेत वाढलेले होते.

करवीरच्या इतिहासाशी हे ताडून पाहा. संभाजी महाराजांच्या (दुसरे) निधनानंतर त्यांच्या पत्नी जिजाबाईंनी १७७३ पर्यंत येथील राज्य सांभाळले, पेशव्यांच्या घशात जाऊ दिले नाही. इंग्रजी अमदानीतील ग्रंथांत त्यांच्याविषयी आवर्जून काय सांगितले जाते? देवीपुढे नरबळी दिल्याच्या कथा. राज्य राखले हे एका वाक्यात, आणि नरबळी तपशिलासह.

वू यांच्या चरित्रातील एक प्रसंग साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. ६८४ मध्ये त्यांच्याविरुद्ध बंड झाले. बंडवाल्यांचा जाहीरनामा लुओ बिनवांग या नामांकित कवीने लिहिला. त्यात वू यांच्या सौंदर्यावर, मत्सरावर, विषप्रयोगावर आणि आप्तांच्या हत्येवर जळजळीत वाक्ये होती. असे सांगतात की, वू यांनी तो जाहीरनामा वाचवून घेतला आणि एका ओळीवर थांबून लेखकाचे नाव विचारले. नाव कळल्यावर, असा गुणी माणूस आपल्या पदरी राहिला नाही हा मंत्र्यांचा दोष, असे त्या म्हणाल्या. ही आख्यायिका खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यालाही हे मान्य होते की या बाईला भाषा कळत होती.

७०५ मध्ये वृद्ध आणि आजारी वू यांना दरबारातील मंडळींनी पदच्युत केले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. सम्राटपद सोडून आपल्याला पुन्हा हुआंगहौ म्हणावे, असे त्यांच्या अखेरच्या इच्छापत्रात होते, अशी नोंद आहे. पतीशेजारी त्यांना पुरले. शीआन शहराजवळच्या त्या समाधिस्थळी एक प्रचंड शिलास्तंभ उभा आहे, आणि ज्यावर प्रशस्ती कोरावयाची त्या शिलेवर मुळात एक अक्षरही नव्हते. कारणाविषयी पुष्कळ तर्क झाले आहेत. मला त्याहून लक्षणीय वाटते ते पुढे घडले ते. नंतरच्या राजवटींतील प्रवासी आणि अधिकारी आले आणि त्या कोऱ्या शिलेवर त्यांनी आपापले लेख कोरले. आज ती शिला कोरी राहिलेली नाही.

कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा आपण पाहिलाच असेल. उधळलेला घोडा, हाती तलवार. पुतळा देखणा आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच्याकडे पाहताना मनात येते की, तलवारीऐवजी हातात कागद घेऊन बसलेल्या ताराबाईंचा पुतळा आपण उभारला असता का? राज्य करणाऱ्या स्त्रीला आपण काही ठरावीक वेषांतच स्वीकारतो. माता म्हणून, साध्वी म्हणून किंवा घोड्यावरची वीरांगना म्हणून. अहिल्याबाई होळकरांनी सुमारे २८ वर्षे कारभार केला, पण 'पुण्यश्लोक' या एका शब्दाच्या तेजात त्यांचे वसुलीचे, न्यायाचे आणि मुत्सद्देगिरीचे काम झाकोळून गेले. स्तुतीचे विशेषणही झाकण्याचेच काम करते, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

ताराबाईंच्या बाबतीत पुतळ्याने १७०० ते १७०७ ही सात वर्षे उचलली. त्यापुढे त्या आणखी ५४ वर्षे जगल्या! त्या वर्षांचे काय करायचे, हे कोल्हापूरच्या अभिमानालाही अजून ठरविता आलेले नाही. १७१४ मध्ये सवत राजसबाई आणि तिचा मुलगा संभाजी यांच्या पक्षाने सत्ता घेतली आणि ताराबाई मुलासह पन्हाळ्यावर कैदेत पडल्या. मुलगा कैदेतच वारला. १७३० नंतर त्या साताऱ्यास शाहूंच्या नजरेखाली राहिल्या. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू निपुत्रिक वारले, तेव्हा आपला नातू म्हणून त्यांनी पुढे केलेला रामराजा छत्रपती झाला. हाच रामराजा पेशव्यांच्या कह्यात जातो आहे असे दिसताच नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. वय पंचाहत्तर. गुजरातेतून दमाजी गायकवाडांना पेशव्यांवर बोलाविले. तो डाव फसला. अखेर सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर त्यांनी शपथेवर सांगितले की रामराजा आपला नातू नव्हे.

हे वाचून आपल्याला अस्वस्थ वाटले, तर ते योग्यच आहे. रामराजा खरा नातू होता की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण कोणतीही बाजू घेतली तरी ताराबाईंनी एकदा तरी असत्य सांगितले, हे चुकत नाही. खरा असेल तर जेजुरीला, नसेल तर साताऱ्याला. ज्या स्त्रीने सुरुवातीला शाहूंना तोतया ठरविण्याचा प्रयत्न केला होता, तिने अखेरीस आपल्याच नातवाला तोतया ठरविले. मी त्यांची बाजू मांडत असले तरी येथे मला त्यांचे समर्थन करता येत नाही. छत्रपतीची सत्ता पेशव्यांकडे जाऊ नये, हा त्यांचा हेतू राजकीय दृष्ट्या समजण्यासारखा होता. मार्ग मात्र एका तरुणाचे आयुष्य तुरुंगात घालविणारा ठरला. सत्तेसाठी याहून वाईट गोष्टी केलेल्या पुरुषांना आपण 'मुत्सद्दी' म्हणून मोकळे होतो, हे खरे आहे. पण म्हणून ताराबाईंनाही 'मुत्सद्दी' म्हणून मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. दोघांनाही एकाच तराजूत घाला, एवढेच माझे म्हणणे आहे. ९ डिसेंबर १७६१ रोजी साताऱ्यास त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या आरंभी पानिपत झाले होते आणि जून महिन्यात नानासाहेब पेशवेही गेले होते. औरंगजेबापासून पानिपतापर्यंतचा सारा काळ पाहिलेली अशी दुसरी राजकीय व्यक्ती सापडणे कठीण. एवढ्या दीर्घ आयुष्याला एक पुतळा पुरत नाही आणि 'कारस्थानी' हा एक शब्दही पुरत नाही.

आता राधानगरीच्या त्या संपर्कसत्राकडे परत येते, कारण या लेखाचे मूळ तेथे आहे. चिठ्ठ्यांतील शब्द फळ्यावर लिहून झाले होते. मागच्या बाकावर बसलेल्या एक बाई तोवर काही बोलल्या नव्हत्या. वय पन्नाशीच्या आसपास. मुलांची शिक्षणे झाल्यावर पदवीला बसलेल्या. त्या उठून म्हणाल्या, "मॅडम, मी पाच वर्षं गावची सरपंच होते. फळ्यावरचे शेवटचे तीन शब्द मला पाच वर्षं ऐकायला मिळाले. पहिले तीन कधी नाही मिळाले." वर्ग हसला. त्याही हसल्या. मग सांगू लागल्या की, पहिले वर्षभर ग्रामसेवक कागदावर सही घेण्यासाठी त्यांच्याकडे येत आणि चर्चा मात्र ओसरीवर त्यांच्या यजमानांशी करीत. एक दिवस त्यांनी कागद वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितले. त्या दिवसापासून त्या 'हट्टी' झाल्या.

आपल्या राज्यात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या त्याला दशक उलटून गेले आहे. हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जणी त्या खुर्चीवर बसल्या असतील, काहींच्या घरात कोणी बसले असेल. आपल्या गावच्या पारावर त्यांच्याविषयी कोणती विशेषणे वापरली जातात, हे माझ्यापेक्षा आपणास अधिक ठाऊक. ज्या कारणासाठी हा सारा ऊहापोह केला ते हेच. ताराबाईंना आता कोणत्याही शब्दाने काही फरक पडणार नाही.

त्या विद्यार्थिनीला मी चरित्रलेखनाचा स्वाध्याय म्हणून स्वतःच्या पाच वर्षांविषयी लिहावयास सांगितले. अट एकच : विशेषण वापरायचे नाही. महिन्याभराने त्या वही घेऊन आल्या. ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तातून त्यांनी आपल्या काळातील ठराव उतरवून आणले होते. पिण्याच्या पाण्याची जलवाहिनी, शाळेची भिंत, स्मशानभूमीची शेड. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणी केला. लेखन कोरडे होते, पण त्यात एक माणूस काम करताना दिसत होता. एका वाक्यापाशी त्या अडल्या होत्या. "मॅडम, 'सरपंच' हा शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? शब्दकोशात पुल्लिंगी दिलाय. मग माझ्याबद्दल लिहिताना क्रियापद कसं चालवू?"

मी म्हटले, शब्दकोशात जे असेल ते असू द्या. 'सरपंचांनी ठराव मांडला' असे लिहिले तर प्रश्न येत नाही, पण तेथे आपण लपून जाल. त्यांनी क्षणभर विचार केला आणि पेन्सिलीने खुणा केलेली जागा पेनाने भरली : 'त्या सभेत सरपंच उभ्या राहिल्या.'